एका गाईपुढे अकरा पानं

कॉलेजच्या फळ्यावर 'रँचवर सात दिवस' एवढंच लिहिलेलं होतं आणि मी त्याच संध्याकाळी नई सडकवर जाऊन टोपी घेऊन आले. रुंद काठाची, तपकिरी, गळ्याखाली दोरी बांधायची असते तसली. दुकानदारानं विचारलं, "स्कूल में नाटक है क्या?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. पशुपालनाच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि घरात आजवर कुणी मांजरसुद्धा पाळलेलं नव्हतं. आमचे पूर्वज दरबारात कारकुनी आणि देवळात पूजा करत आले, वडील वकील. मला वाटत होतं की आता आमच्या घराण्यात पहिल्यांदाच काहीतरी भारी घडणार.

शिवपुरी रोड सोडून बस कच्च्या रस्त्याला लागली तेव्हा आम्ही चौदाजण खिडक्यांतून अर्धे बाहेर होतो. समोर तारेचं कुंपण, त्यामागे पार टेकडीपर्यंत पसरलेलं माळरान, आणि त्यावर मोकळ्या चरणाऱ्या नव्वद गाई! मी ओरडलेच. पहिल्या दहा मिनिटांत एका कालवडीनं माझी टोपी ओढून तिचा काठ चावून टाकला. सगळे हसले, मीही हसले, पण जरा उशिरानं.

रँच एका बाईंची होती. पन्नाशीच्या, उंच, पायात गमबूट, गळ्यात शिट्टी. सगळे त्यांना जिज्जी म्हणत. जिज्जींनी आल्या आल्या दोन नियम सांगितले. पहिला, बाहेरचं काहीही जनावराच्या तोंडाला लावायचं नाही. तशी पाटीही फाटकावर होती. दुसरा, कुठल्याही जनावराचं नाव ठेवायचं नाही. "नंबर से बुलाओ. नाम रखोगी तो जाते बखत रोओगी." म्हणून मीही इथे कुणाचं नाव लिहीत नाही. जिज्जींची शिस्त अंगात मुरली आहे म्हणा.

मला मिळाली सत्तावीस नंबर.

सत्तावीस म्हणजे लालसर रंगाची, मोठ्या कपाळाची पहिलटकरीण. दोन महिन्यांची वासरी सोबत. जिज्जींनी तिला वासरीसकट कुठूनशी आणली होती. आधीच्या मालकाकडे धार काढताना कुणीतरी तिला मारलं असावं, कारण खाली कुणी बसलं की ती लाथ झाडायची. रँचवरच्या तिघांनी प्रयत्न करून नाद सोडला होता. कळपाबरोबर सोडली तर इतर गाईंशी भांडायची, म्हणून दिवसभर गोठ्यापुढच्या अंगणात एकटी बांधलेली. जिज्जींनी सरळ सांगितलं की शनिवारी व्यापारी येणार आहे. तोवर ही कुणाही एकाच्या हाताखाली उभी राहिली तर ठेवेन, मग आमच्या माणसांना शिकवता येईल. नाही राहिली तर माय-लेकी दोघी गाडीत चढतील. न दुभणाऱ्या गाई शेवटी कुठे उभ्या असतात ते हायवेवर रोज दिसतंच. मला तिथेच ठरवून टाकावंसं वाटलं की ही जाणार नाही.

जोडीला मिळाली आमच्याच वर्गातली, शहरातल्या थाटीपुरची एक मुलगी. सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, घराणं कधीकाळी फौजेतलं, पण ही इतकी हळू बोलायची की तिला दोनदा विचारावं लागे. आम्ही दोघी एकाच खोलीत होतो. तिचं काम वासरी धरण्याचं. आधी वासरीला आचळाला लावायचं, गाय पान्हावली की वासरी ओढून गाईच्या तोंडापुढे धरायची, मग मी धार काढायची. कागदावर सगळं सोपं होतं. पहिल्या सकाळी सत्तावीसनं बादली अशी उडवली की ती अंगण ओलांडून कुंपणाला लागली. दुसऱ्या वेळी मी उडाले.

मला राग फार लवकर येतो. घरात याची चेष्टा होते. त्या संध्याकाळी मी थाटीपुरवालीवर भडकले, वासरी तूच लवकर ओढलीस म्हणून. ती वासरीचा दोर गुंडाळत राहिली, त्यानं मी आणखी भडकले. सगळे जेवायला गेले तरी मी गेले नाही. सत्तावीसच्या गव्हाणीशी पेंढीवर बसले आणि मोठमोठ्यानं बडबडत सुटले. वडिलांना मी बँकेची परीक्षा द्यायला हवी आहे. आई प्रत्येकाला सांगते की पोरगी 'सायन्स' करते, गाईचं नाव काढत नाही. या थाटीपुरवालीला तोंड आहे की नाही देव जाणे. टोपीचे तर पैसे पाण्यात गेले. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. मग लक्षात आलं की सत्तावीसनं रवंथ थांबवलाय आणि दोन्ही कान माझ्याकडे वळवून ती ऐकतेय.

मी थांबले. तिनं मान हलवली. मी पुन्हा सुरू केलं, ती पुन्हा शांत.

दुसऱ्या दिवशी मी बडबड करतच तिच्या पाठीवरून हात फिरवला, पोटावरून, मग कासेवरून. माझी सगळी कर्मकहाणी तिला पाठ झाली असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी, कॉलेजातल्या एका सरांचं गाऱ्हाणं तिला सांगत असताना, बादलीत चर्र करून पहिली धार पडली. मग दुसरी! मला ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं. तसंच त्या सरांवर बोलत राहिले आणि डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. अर्धी बादली भरली. जिज्जी लांब उभ्या राहून बघत होत्या. "टिक गई," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. आयुष्यात मला शंभरपैकी शंभर कधी मिळाले नव्हते, त्या दिवशी मिळाले.

त्यानंतर माझे पाय जमिनीवर नव्हते. थाटीपुरवाली म्हणाली, "एक बार मला पण बसू दे ना. मी नुसती बछिया धरून राहते." मी म्हटलं, उगाच बिघडवू नकोस. संध्याकाळी तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं. सत्तावीस माझी होती, सरळ हिशोब.

आणि त्याच भरात मी आईला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती. आमच्याकडे त्या दिवशी पितरांसाठी स्वयंपाक होतो आणि आपण जेवायच्या आधी गाईचं पान निघतं. आमच्या हरिशंकरपुरममधल्या दक्षिणी, म्हणजे मराठी, घरांची दरवर्षीची रड म्हणजे पान तयार, गाय कुठाय? आई फोनवर तेच सांगत होती. "अगं, मागच्या साली पूरी कॉलनी एकाच गाईच्या पीछे फिरत होती. तिनं आमच्या पानाला तोंडच लावलं नाही, आजोबांचं पान तसंच राहिलं. मला साल भर चैन नाही." मी छाती फुगवून म्हटलं, "इकडे ये. माझी स्वतःची गाय आहे, वासरीसकट."

आईला एकटीला बोलावलं होतं. आईनं ते कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं.

अमावस्येला दुपारी फाटकाशी तीन गाड्या थांबल्या. त्यातून काकवा, मावशा, दोन आज्या, डबे, पत्रावळी, तांब्याची भांडी असं सगळं उतरलं. अकरा घरांची अकरा पानं! जिज्जी बारा जणांना घेऊन कळपाबरोबर टेकडीकडे गेल्या होत्या. गोठ्यावर आम्ही दोघी आणि सत्तावीस. थाटीपुरवाली माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "जिज्जींना पूछ तर ले." मी म्हटलं, "अगं, पान आहे ते. खाणं थोडंच आहे?"

आता लिहिताना हसू येतं आणि लाजही वाटते, पण मी ते मनापासून म्हटलं होतं. पशुपालन शिकणारी मी, गाईच्या पोटाचे चार कप्पे मला तोंडपाठ होते, आणि तरी त्या क्षणी ते पोट मला पोट वाटलंच नाही, पोस्टाची पेटी वाटली. पान इकडे टाकलं की तिकडे पोचलं. आमच्या कुणाच्याच मनात, आज्यांपासून माझ्यापर्यंत, हा विचार आला नाही की खीर, भात, उडदाचे वडे, पाटवड्या, कढी, हे अकरा वेळा एका जिवाच्या पोटात चाललंय.

आणि सत्तावीस खात होती! आनंदानं, एकामागून एक. कुणी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, कुणी पाया पडलं. एका आजीनं डोळे पुसले, यांचं पान या वर्षी गाईनं चाटूनपुसून खाल्लं म्हणाली. आई सगळ्यांना सांगत होती, "ही हिचीच गाय. दूध काढते ती हिचं." अगदी 'गाय' म्हणाली, सगळ्यांसमोर. मला इतकं छान वाटलं की विचारू नका. पत्रावळी आम्ही उचलून टाकल्या. जिज्जींना मी काही सांगितलं नाही.

संध्याकाळी तिनं चारा हुंगून सोडला. म्हटलं, पोट भरलं असेल.

सकाळी जाऊन बघते तर डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली. मान पुढे ताणलेली, तोंड उघडं, दात करकर वाजतायत. वासरी हंबरतेय आणि ती बघतसुद्धा नाही. धावत जाऊन जिज्जींना उठवलं आणि सगळं सांगितलं. अकरा पानं, खीर, वडे, सगळं.

मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी सरळ डॉक्टरांना फोन लावला. ते दुपारच्या आत येऊ शकत नव्हते. तोवर तेल पाजा, सोड्याचं पाणी पाजा, पुढचे पाय उंचावर ठेवून उभी ठेवा, चालवा, असं त्यांनी सांगितलं. तेल पाजायचं म्हणजे बांबूचं नळकांडं जबड्याच्या कडेनं आत सारून ओतायचं. त्यासाठी कुणीतरी नाकपुड्यांत बोटं घालून डोकं वर धरायला हवं. माणसं जवळ येताच ती दावं तोडायला बघत होती. जिज्जी म्हणाल्या, अडगड्यात, म्हणजे जनावर जखडायच्या लाकडी चौकटीत, कोंडली तर झटापटीतच मरेल. जवळ येऊ देईल ती तुम्हा दोघींनाच.

मग त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं. "सोच लो. हमारे यहाँ दूध का हाथ और दवा का हाथ अलग रखते हैं. जो सिर पकड़ेगी, उसे ये भूलेगी नहीं. वो फिर नीचे नहीं बैठ पाएगी."

शनिवारला दोन दिवस उरले होते. ती उभी राहायची ती एकट्या माझ्या हाताखाली. मी डोकं धरलं तर गाय वाचेल आणि गाडीत चढेल. थाटीपुरवालीनं धरलं तर माझा हात शाबूत राहील आणि सत्तावीस माझीच राहील. थाटीपुरवाली तेवढ्यात पुढे सरकलीसुद्धा होती. "मैं पकडते. तू धार काढतेस ना," असं इतक्या सहज म्हणाली, आणि मी तिला गेले चार दिवस बादलीला हात लावू दिला नव्हता.

मी तिला मागे ओढलं. "पानं माझी होती. धार आता तू शिक," म्हटलं.

सत्तावीस मला बघून शांत झाली, तेच सहन होत नव्हतं. मी नेहमीसारखी बडबडत जवळ गेले, नाकात बोटं घातली आणि डोकं वर ओढलं. तिचा डोळा माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. तिला आधी कळलंच नाही की हे मी करतेय. मग कळलं. जिज्जी ओतत होत्या, तेल माझ्या बाह्यांत, केसांत. ती घुसमटत होती आणि मी रडत, शिव्या देत धरून होते. तेल, मग सोडा, मग चालवणं, मग पुन्हा तेल. चार वेळा. चौथ्या वेळी तिला धरायला माझी सगळी ताकद लागली.

आणि मग ती ढेकरली! एवढा मोठा, एवढा घाण वासाचा ढेकर जगात कुणी दिला नसेल. जिज्जी खाली बसल्या आणि हसू लागल्या. मी थाटीपुरवालीला मिठी मारली, तिच्या कपड्यांना सगळं तेल लागलं. दुपारी डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, म्हणाले, वाचली. कूस उतरली होती. माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी पेंढी घेऊन गेले. मी कोपऱ्यावरून दिसताच सत्तावीस दाव्याच्या टोकापर्यंत मागे गेली आणि शिंगं खाली केली. मी बोलू लागले. माझा आवाज ऐकून ती थरथरायला लागली. मी पेंढी तिथेच ठेवून परत फिरले.

त्यानंतरचे दीड दिवस मी थाटीपुरवालीला शिकवलं. नऊ नंबरची म्हातारी गाय होती, तिच्याखाली कुणीही बसावं. तिथे तिची बोटं कशी पडतात ते मी बघत होते आणि लाज वाटत होती, कारण तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता. अडचण एकच होती. "बोल," मी म्हणायची, "तिला बोलणं लागतं." ती म्हणायची, "काय बोलू? मेरे पास कुछ है ही नहीं बोलायला." मला खरंच कळेना की बोलायला काही नसलेलं माणूस कसं असतं. शेवटी म्हटलं, पाढे म्हण. शुक्रवारी संध्याकाळी ती बेपासून सुरू करून सत्तावीसखाली बसली. वासरी जिज्जींनी धरली. तीनपर्यंत जाते तोच लाथ बसली, बादली गेली. पण ती लाथ अर्ध्या मनाची होती, असं ती म्हणाली. मी बघायला नव्हते, मला अंगणात यायची बंदी होती.

शनिवारी सकाळी व्यापाऱ्याची गाडी फाटकाशी येऊन थांबली. फळी खाली टाकल्याचा आवाज आला. मी गोठ्याच्या भिंतीमागे, पाठ विटांना लावून, तोंडावर हात दाबून उभी. शिंक आली तरी सगळं संपणार होतं.

वासरीचं चोखणं ऐकू आलं. मग वासरी ओढल्याचं. मग थाटीपुरवालीचा आवाज. आज तिनं सुरुवात सोप्या पाढ्यानं केली नव्हती. "सत्रह एकम सत्रह. सत्रह दूनी चौंतीस." बादली गप्प. "सत्रह तिया इक्यावन." बादली गप्प. "सत्रह चौके अड़सठ." दाव्याची साखळी वाजली, खुर आपटला. मी डोळे मिटले. "सत्रह पंजे पचासी," तिचा आवाज जराही हलला नाही, आणि चर्र झालं. रिकाम्या बादलीत धार पडते तो आवाज मी कुठेही ओळखीन. चर्र, चर्र. "सत्रह छक्के एक सौ दो. सत्रह सत्ते एक सौ उन्नीस. सत्रह अट्ठे..."

ती थांबली. धारही थांबली. सत्रह अट्ठे, सत्रह अट्ठे. तिला आठवेना! एकशे छत्तीस, मी मनातल्या मनात किंचाळत होते, एकशे छत्तीस गं! माझ्या जिभेवर होतं आणि मला एक शब्द काढायची सोय नव्हती. साखळी पुन्हा वाजली. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की गप्प राहायलाही बळ लागतं.

"सत्रह एकम सत्रह," ती शांतपणे पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, आणि धार सुरू झाली.

हळूहळू आवाज बदलला. चर्र जाऊन फसफस आली, म्हणजे बादलीचा तळ झाकला. आजारपणामुळे दूध कमीच होतं, पण दुधाचा प्रश्न नव्हता. जिज्जी व्यापाऱ्याला काहीतरी म्हणाल्या. फळी वर चढवल्याचा आवाज झाला, गाडी रिकामीच गेली. मी भिंतीमागे मूठ चावत नाचत होते, आवाज न करता.

जिज्जींनी थाटीपुरवालीला विचारलं की आणखी आठ दिवस राहशील का, आमच्या गोठ्यातल्या बाईच्या हाताची गाईला सवय होईपर्यंत. मला ते विचारलं जावं असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे नको बघू. पप्पांना फोन लाव." मग मीच लावून दिला, आणि तिच्या वडिलांशी तिच्या वाटचं मीच बोलले. बोलणं एवढं मला येतं.

माझी चावलेली टोपी मी तिला देऊन टाकली. आईला मी सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "पण वाचली ना गं ती?" म्हटलं, वाचली.

दुपारी बस निघाली. बाहेर पडायचा रस्ता अंगणाला लागूनच जातो. सगळे खिडक्यांतून हात हलवत होते. अंगणात थाटीपुरवाली टोपी घालून उभी होती आणि तिच्या शेजारी सत्तावीस, मोकळ्या मानेनं, वासरीला चाटत. मला एकदा डोळे भरून बघायचं होतं. पण संध्याकाळची धार अजून काढायची होती, म्हणून मी सीटखाली वाकून बसले आणि फाटक मागे पडेपर्यंत डोकं वर काढलं नाही.